पाचवा शब्द

डॉक्टरीणबाईंनी पाच शब्द दिले:
कमळ, खिडकी, गाडी, ताट, लाल.
म्हणाल्या, सांभाळून ठेवा, पाच मिनिटांनी विचारते.
मग शंभरातून सात, त्यातून पुन्हा सात,
आज वार कोणता, हे गाव कोणतं.
गाव जळगाव. वार मंगळवार.
शब्द चार.

अमळनेरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी एकवीस वर्षं काढली.
तेलघाणीवाले तीनशे बारा,
सिव्हिल सत्तेचाळीस,
जिनिंगचे दोन, एक मालकाचा, एक मुनिमाचा,
आणि मालक त्या वेळी कोणाकडे बसला असेल
तेही मला ठाऊक.
लोक नंबर सांगतच नसत.
"ताई, माझ्या सासऱ्यांना लावा," म्हणत.
मी लावायची.

आता सहा केमो झाल्या.
केस परत आले, कुरळे,
दुसऱ्या कुणाचे चुकून माझ्याकडे आल्यासारखे.
शब्दांचं अजून काही खरं नाही.
सुनेला म्हणते, ते दे गं,
ते भोकाभोकांचं, तळायचं.
ती झारा देते, एक अक्षर न बोलता.
ते न बोलणंच लागतं मला.
हाक मारते वसंता म्हणून, माझ्या गेलेल्या भावाला,
आणि येतो नातू.
राँग नंबर. तरी पाणी घेऊन येतो.

कसं होतं, सांगू?
बोर्डावर दिवा लागतो.
म्हणजे पलीकडे कोणीतरी रिसीव्हर उचलून थांबलंय.
दोरी माझ्या हातात,
पितळी टोक अंगठ्याला गार लागतंय,
आणि समोर शंभर भोकं, सगळी सारखी.
दिवा लागलेलाच राहतो.
विसरले असते तर बरं, दिवाच लागला नसता.

बाईंना विचारलं,
यातलं वयाचं किती, औषधाचं किती?
बहात्तर म्हणजे थोडी वजाबाकी होणारच, एवढं मलाही कळतं,
पण बिल फोडून द्या ना,
लोकल वेगळं, ट्रंक वेगळं.
त्या हसल्या. नाही फोडता येत, म्हणाल्या.
काहींचं वर्षभरात निवळतं,
काहींचं थोडं राहतं,
काहींचं...
तिथे त्यांना फाइलमध्ये काहीतरी सापडलं.
गाठ मात्र गेली, हे मोठ्यानं सांगितलं.
मीही मोठ्यानं हो म्हटलं.

दुपारची मुमताज येते, कूलरसमोर बसायला.
बोर्डावर नऊ वर्षं ती माझ्या डाव्या हाताला होती.
"तीनशे बारा कोना व्हता ओ माय?"
सिव्हिल, मी सांगते.
बरोबर म्हणते ती, आणि पदरानं मान पुसते.
खोटारडी.
जिनिंगला आग लागली त्या रात्री
आम्ही दोघींनी सोळा गावं जोडली होती,
मी वहीकडे एकदाही न बघता.
"मालेबी आते याद नही ऱ्हात," म्हणते ती,
आणि माझ्या लगेच ध्यानात येतं
की तिला सगळं आठवतंय, आगीसकट.
माणसाचं खोटं अजून ओळखू येतं मला.
ही तपासणी कोणी घेत नाही.

तर त्या मंगळवारी परतीच्या पॅसेंजरमध्ये,
पाळधी मागे पडलं होतं,
बाहेर नांगरून टाकलेली काळी रानं, उन्हानं तडकलेली,
मी कशाचाच विचार करत नव्हते,
बहुतेक चपलेच्या अंगठ्याचा करत होते,
आणि धरणगाव यायच्या जरा आधी
आला.
ताट.

आता कळवू कोणाला? ओपीडी बंद झालेली.
समोरच्या बाईला म्हटलं, ताट.
तिला वाटलं, जेवणाचं विचारतेय.
तिनं डबा उघडला,
कळण्याची भाकरी मोडली, वर ठेचा ठेवला,
आणि अर्धी माझ्या तळहातावर दिली.
ताट नाही हो, म्हणाली, असंच खा.

खाल्ली.
रिपोर्टात चारच आहेत अजून.