निवेसवर ठेव

दोनशे बारा पानांचं पुस्तक. लिहिणारा डेट्रॉइटचा ड्रमर,
सत्तरी ओलांडलेला, तोंडाचा फटकळ.
पानामागे चौदा युरो, मुदत ईस्टरपर्यंत.
मी म्हटलं, ताल तो ताल, त्यात काय अडायचंय!

चाळिसाव्या पानावर तो म्हणाला, तीन वर्षं मी लाकडाच्या वखारीत होतो.
मी त्याला वखारीत धाडलं. माझ्या इटालियनमध्ये
बिचारा दोन प्रकरणं ओंडके फोडत राहिला,
मग कळलं, वखार म्हणजे रियाज.
दार लावून, एकट्यानं, बोटं सोलवटेपर्यंत.

त्याच्या मित्राकडे म्हणे जबरदस्त चॉप्स होत्या.
मी लिहिलं, ब्राच्योले. डुकराच्या बरगड्या.
आईनं मसुदा चाळला, चष्मा कपाळावर सरकवला:
ओर्नेल्ला, हा माणूस वाजवतो, की खानावळ चालवतो?

आमचे शब्द तरी कुठे सरळ आहेत.
पायानं वाजवायचा मोठा ड्रम, तो कासा.
दुकानातला गल्लाही कासा,
आणि माणूस शेवटी ज्यात निजतो तीही.
झांजा म्हणजे पियात्ती, जेवणाच्या ताटल्या.
वर्षानुवर्षं ताटल्या बडवतोय आम्ही,
कुणाला काही वाटत नाही.

अडले ते एकशे सातव्या पानावर.
खिशात वाजव, तो पोराला सांगतो,
बँड खिशात असला की छत गळलं तरी
कुणी घरी जात नाही.

तास्का लिहिलं. खोडलं.
माझ्या तास्कामध्ये किल्ल्या, खोकल्याची गोळी, धोब्याची चिठ्ठी.
पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.

कुणीतरी म्हणालं, लुगोला जा, लेआर्को झाक्केरिनीला विचार.
एकतीस वर्षं नाचाच्या ऑर्केस्ट्रात,
वाल्ट्झ, माझुर्का, पोल्का,
उन्हाळाभर रोज रात्री, पीचच्या बागांमागच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर.
त्या चौथऱ्यावर आता जुने टायर रचलेत.
हात कापतात त्याचे.
कपबशी उचलली की ती आपोआप रोल वाजवते.

त्यानं ऐकून घेतलं. इंग्रजी त्याला येत नाही.
म्हणाला, म्हणजे ठोका चुकत नाही, पण जरा मागे रेलतो, असंच ना?
हो.
किती मागे?
पुस्तकात लिहिलेलं नाही, मी म्हटलं.
कसं असेल, तो म्हणाला.

मग बराच वेळ त्यानं कॉफीत साखर ढवळली, जी कधीच विरघळली होती.

निवेसचा डावा पाय आखूड होता. लहानपणचं दुखणं.
नाचाची हौस मात्र दांडगी.
तिची टाच सगळ्यांच्या टाचांनंतर पडायची,
केसाएवढी नंतर.
बघायचे लोक.
मग मी माझा कासा तिथे ठेवू लागलो, तिची टाच पडायची तिथे.
आता चुकायचे बाकीचे!
एका हंगामात सगळं लुगो तिच्या पायानं नाचायला लागलं,
म्हणायचं, या ऑर्केस्ट्रावर पाय दमत नाहीत बुवा.
नवीन बासवाला आला की आम्ही एवढंच सांगायचो:
मेत्तिला सुल्ला निवेस.
निवेसवर ठेव.

ती जाऊन सहा वर्षं झाली.
जिन्यात मी अजून थांबतो, तो म्हणाला,
पुढची पायरी तिची.

एकशे सातव्या पानावर मी तेच लिहिलं.
डेट्रॉइटचा म्हातारा पोराच्या मनगटावर हात ठेवतो:
घाई नको. निवेसवर ठेव.

गुरुवारी संपादकबाईंची टीप आली, समासात, लाल शाईनं:
ही निवेस कोण? आधी कुठे आलेली नाही.
मूळ पाहा.

मूळ पाहिलं.
तिथे नुसता खिसा होता.

लेआर्कोला फोन लावलाय.
घंटा वाजतेय, वाजतेय,
आता ठेवणार एवढ्यात
तो उचलतो.