वीस तारखेच्या आत

सोळा तारखेला जुना लॅपटॉप गेला.
आधी पंखा घरघरला,
मग पडद्यावर एक निळी रेघ आली
आणि तिथेच उभी राहिली, दारात उसनं मागायला आल्यासारखी.
नऊ वर्षं झाली होती. मोठ्या कंपनीचा होता.

वीसच्या आत एकोणीस व्यापाऱ्यांची रिटर्नं भरायची,
म्हणून रामबागेतून रिक्षा केली, थेट सिल्व्हर मॉल.
वाटेत हेरंबचा पुण्याहून फोन:
आई, नाव बघून घे.
उद्या बिघडला तर ती कंपनी शोधायला कुठे जाशील?

पोरवालनं दोन मशीनं उलटी घातली
आणि स्क्रू काढून पोटं उघडली, भाजीवाला टरबूज कापून दाखवतो तशी.
ही मेमरी बघा भाभी. आता ही बघा. सख्ख्या बहिणी.
फरक झाकणाचा.
आणि बावीस हजारांचा.

एका रिटर्नचे मला सहाशे मिळतात.
मी मनात गुणाकार केला, पुन्हा केला,
जवळजवळ दोन महिन्यांची सगळी कमाई
त्या झाकणावरच्या चार चकचकीत अक्षरांत बसत होती.

दुसऱ्याचं नाव वेलोरा.
कधी ऐकलं नव्हतं. नेलपॉलिशचं असावं असं.

पण मी तरी कोणाचे हिशेब लिहिते?
सियागंजातल्या मोनिका हिंगाचे,
डबीवरची फ्रॉकातली मोनिका आता दोन पोरांची आई आहे.
मल्हारगंजातल्या त्या साबणाचे
ज्याचा फेस देवासच्या पुढे कोणी पाहिलेला नाही.
अश्फाकभाई चामड्याचे घोडे करतात, त्यांचे,
घोड्याच्या पोटावर कुठलंच नाव नसतं.
यांच्यावर माझं घर चालतं
आणि माझ्या घरात हिंग टीव्हीवरचा,
साबण टीव्हीवरचा.
हे मला तिथे, काउंटरपाशी, पहिल्यांदा दिसलं.

तरी हात पुढे होईना.
कारण लहान नावं कशी जातात ते मी जवळून बघते.
चंद्रेश प्लास्टिकला चार महिने फोन केले.
पाचव्या महिन्यात पोर्टलवर लाल अक्षरं आली, नोंदणी रद्द.
त्या शटरमागे आता कोचिंग क्लास चालतो.
बादल्यांची गॅरंटी कोणी निभावली, विचारू नका.

आणि मोठी कंपनी?
गेल्या दिवाळीत बॅटरी फुगली तेव्हा
बेचाळीस मिनिटं कानाशी सतार वाजली,
मग एक गोड मुलगी म्हणाली
हे मॉडेल आम्ही बंद केलंय मॅडम, नवीन घ्या.
मोठी कंपनी मरत नाही,
तुमच्या वस्तूपुरती ती वारलेली असते.

वेलोरा घेतला.
उगाच धीट झाले असं नाही, बावीस हजार नव्हते हेही खरं.
पोरवालनं बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं एक नंबर लिहिला:
हा किशोर, मिस्त्री. दुपारी झोपतो, चारनंतर करा.
मी तो नंबर फ्रीजवर लावला,
गॅसवाल्याच्या खाली, दुधवाल्याच्या वर.

झाकण उघडताना बिजागरी कुरकुरते.
वरचा कॅमेरा टकामका बघतो म्हणून
त्यावर माझी एक जुनी टिकली लावली.
स्पेसबार जरा कडक आहे, शब्दांमध्ये दम घ्यावा लागतो.

वीस तारीख, रात्री अकरा चाळीस.
एकोणिसावं रिटर्न, मोनिका हिंग,
चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं,
मी टिकलीकडे बघत बसले,
आणि गेलं.

दुसऱ्या दिवशी हेरंबनं विचारलं,
घेतलास? कुठला?
चौदा इंची, मी म्हटलं.
अगं पण कुठला?
काळा.