हवेवर उभी

इद्वलने किंमत सांगितली तेव्हा
हेलेद हसली. मी नाही हसलो.
मी गोठ्यामागच्या चिखलात उताणा,
टॉर्च दातांत, चॅसीचा गंज नखाने उकरत.

चामड्याच्या सीट, अक्रोडाचं लाकूड,
आत अजून कुणा लंडनवाल्याच्या अत्तराचा वास.
बाहेरून मात्र रात्रभर हवा सोडून
म्हाताऱ्या उंटासारखी बसलेली.

"हत्ती घेशील," मी म्हणालो,
"चाऱ्याचं काय?"

ती सुईण. गेल्या जानेवारीत
तिची छोटी गाडी बर्फात रुतली,
खिंडीपासून दोन मैल चालली बॅग घेऊन.
बाळ तिच्या आधी पोचलं होतं.
एवढंच बोलली.

किल्ली फिरली. आठ सिलिंडर
घसा खाकरत एकेक जागे झाले,
सातवा जरा उशिरा.
गाडी उठली,
आधी मागून, मग पुढून.

इद्वलने न मागता दोनशे पौंड सोडले.
त्यानेच मला घाबरवलं.

मी पाकिटामागे यादी लिहीत बसलो:
कॉम्प्रेसर, चारही एअरबॅग, ब्रेकच्या नळ्या...
कागद संपला.

तोवर ती मागच्या सीट पाडून
आडवी झाली होती, गुडघे वर घेऊन,
मापात बसतं का बघत.