डाव्या पायाचं काम

हौतालाने दोन किल्ल्या टेबलावर ठेवल्या,
मधे कॉफीचा कागदी पेला.
"घाई नाही," म्हणाला
आणि घड्याळाकडे पाहिलं.

बाहेर मार्च,
म्हणजे डलुथमध्ये अजून हिवाळाच.
रस्त्याकडेचा बर्फ मळक्या पायपुसण्यासारखा,
आणि मिठाने खाल्लेली माझी जुनी गाडी
फाटकाशी मान खाली घालून उभी.

पहिली लाल.
आखूड, बसकी, अंगापिंडाने चपळ,
गिअर हाताने टाकायचे, सहा.
टेकडीचा उभा चढ तिने
एका दमात घेतला.
वर पोचले तर खाली अख्खं सरोवर,
गोठलेलं, कडेला एक काळी भेग,
आणि मी, एकेचाळीस वर्षांची, रात्रपाळीची नर्स,
कपाटात चार जोड निळे गणवेश,
चक्क मोठ्याने हसले.
हौताला दाराची कडी धरून बसला होता.

दुसरी करडी.
बटण दाबलं तर काही झालंच नाही.
"चालू आहे," हौताला म्हणाला.
दुधाला तोंड लावून सटकणाऱ्या मांजरीसारखी
ती बॅटरीवर निघाली.
पडद्यावर एकेक हिरवं पान उगवत होतं,
हळू चालवल्याबद्दल शाबासकी.
शाळेत मला अशी चांदणी कधी मिळाली नाही.

पर्समध्ये मोजपट्टी होती.
करडीच्या डिकीत खुर्ची घडी घालून सरळ जात होती.
लालच्या डिकीतही जात होती,
एक चाक काढलं तर.
काढायला, घालायला मिळून चार मिनिटं.
उणे वीसमध्ये चार मिनिटं म्हणजे किती,
ते ज्याच्या बोटांनी केलंय त्याला विचारा.

हौतालाने पेट्रोलचा हिशोब कागदावर मांडला,
पाच वर्षांचा, खाली दोन रेघा मारून.
मी मान डोलावत राहिले.
गणित कळत होतं.
गणिताचं कधी अडलंच नव्हतं.

सोळाव्या वर्षी याच चढावर
वडिलांनी गाडी मधोमध थांबवायला लावली होती.
(गोदीवर सगळे त्यांना कॅझ म्हणत,
पूर्ण नाव फक्त पगाराच्या पाकिटावर.)
"आता ब्रेक सोड.
मागे गेलीस तर गेलीस,
झेलायला खाली सरोवर आहेच."
क्लच कुठे धरतो ते कानाला कळत नाही,
तळव्याला कळतं, म्हणायचे.
मी तीनदा बंद पाडली.
मागचा ट्रकवाला भोंग्यावरून हात काढेना.
त्यांनी काच खाली केली आणि त्याला बोट दाखवलं.
कुठलं, ते लिहीत नाही.

संध्याकाळी दोन्ही फोटो त्यांच्यापुढे धरले.
अर्धे शब्द अजून गालातच राहतात.
उजव्या हाताचं बोट आलं, टेकलं.
लाल.
"चढणार कसे तिच्यात? उतरणार कसे?"
बोट हललं नाही.
"आणि खुर्चीचं चाक..."
"मला," ते म्हणाले,
मग बराच वेळ ओठ जुळवत राहिले,
"घरी ठेव."

मी सूप गरम करायला गेले.
गरम झालेलंच होतं.
पातेल्याच्या बुडाशी चमचा घासत राहिले.

करडी घेतली.

शनिवारी व्यायामाच्या दवाखान्यात जातो.
सिग्नलला इंजिन आपलं आपण गप्प होतं,
इतकं, की त्यांच्या श्वासातली शिट्टी ऐकू येते
आणि रेडिओ लावावा लागतो.
परवा रेडिओ लावायचा राहिला.
चढावर लाल दिवा.
माझा डावा पाय, बावीस वर्षांच्या सवयीने,
नसलेलं पेडल शोधत चटईवर दाबला गेला.
शरमेने बाजूला पाहिलं.
तर त्यांचा डावा पाय,
सप्टेंबरपासून जो कुणाचं ऐकत नाही,
उजव्या हाताने गुडघा धरून
त्यांनी खाली दाबून ठेवलेला.
डोळे समोर, दिव्यावर.

हिरवा झाला.
"सोड," म्हणाले. "हळू."