कोमट नको

युटलंडवर आज इतका वारा
की वीज कवडीमोल.
व्हिबेकेनं रात्री दोनला इंजिनं बंद केली.
गावाचे पाइप तरी गरम :
कालची आग टाकीत आहे.

वर नव्वद अंश, खाली चाळीस,
मध्ये हातभर पाणी, ना इकडचं ना तिकडचं.
एका घरात जावाजावांचा अबोला असावा तसं.
ढवळायचं नाही, ती नव्या पोराला सांगते,
मिसळलं की सगळंच कोमट,
आणि कोमटाचं काही होत नाही.

चारला पहिला शॉवर.
बेकरीवाला आयनार असणार.
पडद्यावरची रेघ केसभर वर सरकते.

वारा पडेपर्यंत पुरेल?
पोरगं विचारतं.

बाहेर जा, ती म्हणते,
टाकीच्या पत्र्याला हात लावून ये.

थंडगार आहे.

मग आत सगळं शाबूत आहे.