एकवीस रकाने

शाळा बंद झाली त्या आठवड्यात
मी हजेरीपुस्तक घरी आणलं.
वाळवी लागू नये, एवढंच मनात.
चौथीचा वर्ग, बेचाळीस नावं, निळी शाई.
मग जिल्ह्याहून मोटरसायकलवर फॉर्म आले,
ते तीन दिवसांत संपले,
आणि मी हजेरीपुस्तक उलटं धरून मागच्या पानापासून सुरुवात केली:
नाव, घर, कुणाला शिवलं, कधी.
पुढे एकवीस रकाने.

आम्हा किस्सी लोकांत पहिली मुलगी सिया, दुसरी कुम्बा,
तिसरी फिंडा. ती मी.
म्हणजे या नदीकाठच्या गावात सिया किती असतील
ते तुम्हीच मोजा.
जिल्ह्याच्या तक्त्यात सगळ्या मिळून एक.
रात्री फोन: बाई, तुमची सिया
सकाळी बरी आणि सकाळीच तापलेली, असं कसं?
म्हणून मी लिहू लागले,
विहिरीजवळची सिया. पुढच्या दातांत फट असलेली सिया.
पाम तेलवाली सिया, जिचं मी चार बाटल्यांचं देणं लागते.

इथे भेटलं की माणूस विचारतो, हाउ दि बॉडी?
शरीर कसं आहे.
जन्मभर विचारत आले, उत्तर न ऐकता.
आता दोन हात लांब उभी राहून तेच विचारते,
कपाळासमोर ते पांढरं यंत्र धरते
ज्याला पोरं बंदूक म्हणतात,
आणि उत्तर ऐकेपर्यंत हलत नाही.

चौदाव्या रकान्यात ताम्बा नव्हता.
दार ओढलेलं, चुलीत राख कोमट.
आई म्हणाली, शेतावर. बहीण म्हणाली, मासे धरायला.
होडी जागेवर नव्हती.
पलीकडच्या काठावर दुसरा देश, तीच भाषा, त्याचीच मावशी.
नकाशावर मधे जाड रेघ आहे,
नदीला ती कुणी दाखवलेली नाही.
मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "संपर्क तुटला" असं लिहा.
मी पेन उचललं नाही.
पलीकडून तांदूळ आणणाऱ्या फाल्लाला गाठलं:
मावशीला सांग, लांब बसवून जेवू घाल, ओरडू नको.
पोलीस येणार नाहीत, हे माझ्या नावावर सांग.

तिसऱ्या दिवशी ताम्बा स्वतःच आला.
एकट्याने वल्हवत.
होडीत कुणाला बसू दिलं नव्हतं त्याने.

दोन रात्री काढल्या केंद्रात.

मग गावाने रस्त्यावर ओंडका टाकला.
भोंग्याची गाडी ओंडक्यापर्यंत आली, बरंच बोलली, परत गेली.
म्हातारी कुम्बा, चाळीस वर्षं गावची प्रेतं न्हाऊ घालणारी,
साहेबांना म्हणाली:
आंघोळ मी घालत नाही, कळलं मला.
पण तोंड कुठे वळवायचं ते तुमच्या पोरांना ठाऊक नाही.
मी त्या केळीपाशी उभी राहते. मी सांगेन, त्यांनी ऐकायचं.
साहेबांनी फोन लावला. मग कुणी उचलायच्या आत
बंद केला.

डावीकडे, ती म्हणाली. आणखी.
तिथे दगड आहे, काढा.
आता ठेवा.
पांढऱ्या सूटातला एक पोरगा नुसती मान हलवत होता,
चष्म्याला आतून वाफ धरली होती.

रात्री फोन आला: आजची नोंद?
म्हटलं, ओंडका निघाला.
तिकडे कागद चाळल्याचा आवाज.
त्याला रकाना नाही, बाई.

शाळा उघडली तेव्हा पुस्तक पुन्हा सरळ धरलं.
तीन नावांपाशी मी थांबणार नव्हते,
पोरंच थांबली.
मग सियाची पाळी. दातांत फट असलेली.
ती उभी राहिली, हात पाठीशी,
आणि "हजर" म्हणायचं सोडून म्हणाली,
छत्तीस पॉइंट पाच.

वर्ग हसला. मीही हसले,
आणि ते तसंच लिहून घेतलं.