सव्वादोन ग्रॅम

गोदेचा पूर ओसरला की सराफ बाजारात
झुंबरबाई दुकानांपुढचा गाळ उपसते.
पाटीत धुते, हलवते, निथळते.
सोन्याचा कण कधी लागतो, बहुतेकदा नाही.
यंदा हे लागलं. काळं, नखाएवढं.

दंडगव्हाळांनी काट्यावर टाकलं :
'सव्वादोन ग्रॅम. दीडशे देतो.'
ती म्हणाली, 'आधी वाचून दाखवा.'
म्हणून ते माझ्याकडे आलं.
नाशिकरोडच्या प्रेसात छत्तीस वर्षं
मी नोटा तपासल्या,
म्हणजे पैशातलं मला सगळं कळत असणार.
(बायकोलाही असंच वाटायचं.)

चिंच लावली. एक चेहरा वर आला,
लांब नाक, मिशी, कडेनं अक्षरं.
वरच्या मजल्यावरचे पिंटो म्हणाले रशियन.
अत्तारवाले मुनीरभाई म्हणाले, आमच्यातलं नाही.
मी उलटं धरलं, आरशात धरलं,
जावयाला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

शेवटी अंजनेरी.
तिथल्या मुलीनं आधी चिंचेबद्दल झापलं,
मग भिंग डोळ्याला लावून बराच वेळ गप्प.
'ग्रीक आहे. म्हणजे, ग्रीकसारखं.
ज्यानं ठसा कोरला त्याला ग्रीक येत नसावं.
समोर ठेवून बघून काढलंय.'
'मग आहे कुठलं?'
'आपल्याच मुलखातलं. दोनेक हजार वर्षांपूर्वीचं.'

मला हसू आलं.
नोटेवर पंधरा भाषांची उतरंड असते.
देवनागरीतल्या चार सोडल्या
तर अकरा मला येत नाहीत.
पण उडिया अक्षराची कमान केसभर तुटली
की बोट जागच्या जागी थांबायचं. ताव बाजूला.
एक शब्द न कळता
किती सांभाळून ठेवले मी लोकांचे रुपये.

'आणि हे बघा,' मुलगी म्हणाली,
गालावर, कानावर, तीन कमानींचा डोंगर.
दुसरा राजा आला. त्यानं नाणी वितळवली नाहीत,
त्याच तोंडावर आपला शिक्का मारला.
डोंगराखालून जुना डोळा अजून बघतो.
मला त्या नोव्हेंबरातल्या रात्रपाळ्या आठवल्या,
पण ते तिला कशाला सांगा.

सीबीएसला उतरलो, खिशात पुडी,
आणि दोन्ही हात आपोआप वर गेले,
गेटवर झडती द्यायचो तसे.
मागचा माणूस म्हणाला, काका, चला की.

झुंबरबाई ओट्यावर पाटी उलटी घालून बसली होती.
'काय लिवलंय?'
'लिहिणाऱ्यालाच येत नव्हतं, बाई.
पण मनापासून काढलंय.'
तिनं ते फडक्यात पुसलं,
जिभेच्या टोकाला लावलं, डोळे मिटले.

'चांदी खरी हाये,' म्हणाली.